विकेट घ्यायला बाळू, कप्तानीला दुसरा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. शेवटी आपल्या गावच्या ग्राउंडबद्दल एक गोष्ट मांडायची आहे, पण ती नीट कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

गेल्या आठवड्यात दुकानात चार पोरं आली. सगळी ओळखीची, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. हातात पावतीपुस्तक. "काका, समाजाचा चषक घेतोय. टेनिस बॉल, आठ ओव्हर, सोळा टीम. पहिल्या बक्षिसाला तुमचं नाव टाकायचं ठरलंय. तुम्ही तर आपलेच."

मोबाईलवर पत्रक दाखवलं. वर महापुरुषांचे फोटो, खाली नियम. पहिलाच नियम: खेळाडू समाजाचाच असावा, शाळेचा दाखला सोबत आणावा. म्हणजे क्रिकेट खेळायला जातीचा रकाना दाखवायचा.

मी विचारलं, "अरे, तुमचा तो डावखुरा पोरगा? गेल्या वर्षी तालुक्याला पाच विकेट काढल्या होत्या त्यानं."

एकजण म्हणाला, "तो आपल्यातला नाही ना काका. पण नेटला रोज असतो तो. बॉलिंग टाकतो आम्हाला. आणि पिच पण तोच बनवणार आहे."

तो हे अगदी सहज म्हणाला, मनात काही वाईट ठेवून नाही. पण मला आत कुठेतरी लागलं. मी म्हटलं, "चार दिवसांनी या." पोरं गेली आणि मी कपाटातून पालवणकर बंधूंवरची जुनी कात्रणं काढून बसलो. कारण रोज नेटला बॉलिंग टाकणारा, पिच बनवणारा, पण संघात नसलेला डावखुरा गोलंदाज मला आधीपासून माहीत होता.

त्याचं नाव बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराण्याचं मूळ गाव कोकणातलं पालवण. समाजाने चर्मकार, म्हणजे त्या काळात अस्पृश्य मानलेला. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने वाढलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचे भाऊ शिवराम, विठ्ठल, गणपत क्रिकेट शिकले. शाळा लवकर सुटली. बाळू आधी पारशांच्या क्लबात मैदानाची कामं करायला लागला आणि १८९२ च्या सुमाराला युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. पगार महिना चार रुपये. काम काय? मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, नेट बांधायचं. आणि साहेबाला सराव हवा असला की बॉलिंग टाकायची.

त्या क्लबात ग्रेग नावाचा एक इंग्रज फलंदाज होता. इंग्लंडात हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेला, हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमधला त्या काळचा नावाजलेला बॅट्समन. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला बॉलिंग टाकायला लावायचा. बाळूने आऊट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात. आठ आण्यांचा भाग खरा असो वा दंतकथा, एवढं नक्की की हजारो चेंडू टाकून बाळूचा हात तिथेच तयार झाला. पण त्या क्लबात बाळूला कधी बॅटिंग करू दिली नाही. बॅटिंग हा साहेबाचा खेळ आणि बॉलिंग ही नोकराची मेहनत, अशी सरळ वाटणी होती.

आता गंमत बघा. पुण्यात हिंदूंचाही क्रिकेट क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. आणि गोऱ्यांच्या फलंदाजांना दमवणारा पोरगा गोऱ्यांच्याच मैदानावर झाडू मारत होता. त्याला घ्यायचं की नाही? वाद झाला. काहींना नको होता. शेवटी घेतला, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं.

पण घेतला म्हणजे कसा घेतला? मैदानावर सगळ्यांसोबत. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायचं तर पाणी द्यायला दुसरा 'अस्पृश्य' नोकर, तोही मैदानाच्या कोपऱ्यात. म्हणजे बाळूने हाताळलेला चेंडू चालत होता, तोच चेंडू बाकीचे दहा जण झेलत होते, मांडीला घासून त्याच्याकडे परत फेकत होते. विटाळ फक्त चहाच्या वेळी व्हायचा.

यात आपल्या साताऱ्याचाही एक धागा आहे. पुण्याच्या हिंदू संघाने साताऱ्यात येऊन इथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं, त्यात बाळूने सात गडी बाद केले. या यशानंतर पुण्यात त्याचं कौतुक झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी त्याला हार घातला, टिळकांनीही जाहीर सभेत त्याची वाखाणणी केली. सुधारक आणि राष्ट्रवादी एकाच गोलंदाजाचं कौतुक करत होते. त्या काळच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती.

१८९० चं दशक संपता संपता प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईत आला. तिथल्या हिंदू जिमखान्यातही त्याला घेण्यावरून सदस्यांत कुरकुर झाली, पण कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला. पुढे त्याला रेल्वेत नोकरी मिळाली. हळूहळू जिमखान्याच्या उपाहारगृहाचं दारही त्याच्यासाठी उघडलं. पुण्यात जे झालं नव्हतं ते मुंबईत थोडं थोडं होऊ लागलं. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. बंगालच्या फाळणीमुळे देश तापलेला. अशा वेळी गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, त्याचा आनंद नुसता खेळाचा नव्हता.

इथे मुंबईच्या त्या स्पर्धेबद्दल सांगायला हवं, कारण आपल्या आजच्या समाज चषकांची ती पणजी आहे. सुरुवातीला पारशी विरुद्ध युरोपियन. १९०७ मध्ये हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाली. १९३७ पासून पाचवा संघ आला. त्याचं नाव 'रेस्ट', म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे. सरळ धर्मावर संघ. हजारो लोक बघायला जायचे आणि देशातलं सगळ्यात चांगलं क्रिकेट तिथेच खेळलं जायचं.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. तीही निवड धर्माचे वाटे पाडून झाली होती: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि वर महाराज कप्तान. त्या पाच हिंदूंत दोघे पालवणकर, बाळू आणि शिवराम. संघाची कामगिरी बेतासबात झाली, पण पस्तिशीतल्या बाळूने त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या वेळी मानपत्र लिहून वाचणारा तरुण भीमराव आंबेडकर होता, असं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिलं आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या त्या तरुणाला बाळूबद्दल केवढा अभिमान वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढं सगळं झालं, तरी हिंदूंच्या संघाचा कप्तान बाळू कधीच झाला नाही.

१९१० नंतर दरवर्षी त्याच्या नावाची चर्चा व्हायची. दरवर्षी कप्तान दुसराच. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी तर स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूला मिळायला हवा होता. बघा, ज्याला मिळाली तोही म्हणतोय की ही माझी नव्हे. तरी निवड समिती हलली नाही.

का हलली नाही? माझ्या मते उत्तर सोपं आहे. एखाद्याला संघात घ्यायला तुम्हाला त्याचा फक्त हात लागतो. त्याचा स्पिन लागतो. त्याला कप्तान केलं की त्याचं ऐकावं लागतं. तो म्हणेल "तू स्लिपला जा", तर जावं लागतं. तो नाणेफेकीला जाणार, ट्रॉफी त्याच्या हातात येणार, फोटोत मधल्या खुर्चीवर तो बसणार. विकेटपुरता माणूस सगळ्यांना चालतो. हुकूम देणारा माणूस म्हटलं की पोटात गोळा येतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. खुद्द इंग्लंडात पैसे घेऊन खेळणारे आणि हौशी 'जंटलमन' असे दोन वर्ग होते. ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायचे दरवाजेही बऱ्याच ठिकाणी वेगळे. पैसे घेऊन खेळणारा लेन हटन इंग्लंडचा कप्तान व्हायला १९५२ उजाडलं आणि हा भेद कागदावरून जायला १९६२. वेस्ट इंडिजच्या संघात काळे खेळाडू सुरुवातीपासून होते, बळी तेच घेत होते आणि धावाही तेच काढत होते. पण पूर्ण मालिकेसाठी पहिला काळा कप्तान, फ्रँक वॉरेल, १९६० मध्ये झाला, तोही सी. एल. आर. जेम्ससारख्या लेखकाने वर्तमानपत्रातून रान उठवल्यावर. जात, वर्ग, रंग काहीही असो, दार सगळीकडे त्याच ठिकाणी अडतं. संघात घेतात, पुढे उभं करत नाहीत.

परत मुंबईत येऊ. साल १९२०. बाळू आता चव्वेचाळीसचा. धाकटा विठ्ठल मात्र ऐन भरात, देशातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. स्पर्धेच्या तोंडावर पै आजारी पडले. पहिला सामना मुसलमानांशी. बाळूला संघातून वगळलं. आणि कप्तानी? विठ्ठलला डावलून पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना दिली. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या खेळाबद्दल कुणी बोट दाखवणार नाही. पण विठ्ठलची ज्येष्ठता सगळ्यांना माहीत होती आणि त्याची जातही.

या वेळी पालवणकर गप्प बसले नाहीत. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. नुसते बाहेर पडले नाहीत, तर आम्हाला जातीमुळे डावललं जातंय असं जाहीर निवेदन काढून बाहेर पडले. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. शेवटी पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, बाळूला संघात घेऊन उपकप्तान केलं, दोन्ही भाऊ परत आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूने संघ सांभाळला. वीस-बावीस वर्षं गोलंदाजी केल्यावर त्याच्या वाट्याला एवढीच कप्तानी आली.

मग १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचा कप्तान झाला. अंतिम सामन्यात त्याच्या संघाने युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतलं. १९२६ पर्यंत तो कप्तान होता आणि चारपैकी तीन वेळा स्पर्धा जिंकली.

तीन वर्षांत असं काय बदललं? निवड समितीतल्या लोकांचं मन अचानक मोठं झालं का? मला तसं वाटत नाही. त्या काळाची तारखेची वही उघडून बघा. जानेवारी १९२० मध्ये आंबेडकरांचं 'मूकनायक' सुरू झालं. मार्चमध्ये कागल संस्थानात माणगावला परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी आंबेडकर हे तुमचे पुढारी होतील असं जाहीर केलं. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा विषय ठरावात आला. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक तळी, विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. चार वर्षांनी त्याच ठरावाच्या आधारावर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं.

म्हणजे ज्या वर्षी विहिरी खुल्या करायचा ठराव झाला, त्याच वर्षी कप्तानी खुली झाली. हा योगायोग मी मानत नाही. पालवणकरांचा खेळ तोच होता, वीस वर्षांपूर्वीही तेवढाच चांगला होता. बदलली ती मैदानाबाहेरची हवा. आणि ती हवा आपोआप बदलली नाही, माणसांनी भांडून बदलली. त्यात दोन भावांनी संघ सोडणंही आलं.

आपण नेहमी म्हणतो ना, खेळाला जात नसते, धर्म नसतो. व्यासपीठावरून बोलायला बरं वाटतं. पण खेळ हा समाजाच्या बाहेर कुठे हवेत तरंगत नाही. पिच गावाच्या जमिनीवर असतं. जिंकायची हाव माणसाला एक पाऊल पुढे नेते, "घ्या त्याला, तो चांगला टाकतो" इथपर्यंत. त्याच्या पुढचं पाऊल खेळ स्वतःहून टाकत नाही. ते टाकायला कुणालातरी वाईटपणा घ्यावा लागतो.

बाळूची पुढची कहाणीही सांगितली पाहिजे, कारण ती सरळ नाही. तो राजकारणात आला. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो आंबेडकरांच्या बाजूने नव्हता, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होता. पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ मध्ये मुंबईत विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. सुमारे दोन हजार मतांनी बाळू हरला. ज्याने एकेकाळी मानपत्र वाचलं, त्याच्याच विरोधात! काही लोक यावरून बाळूला नावं ठेवतात. मला तसं करावंसं वाटत नाही. बाळूने आयुष्यभर दारात उभं राहून, आपल्या कामाने एकेक पायरी चढत आत प्रवेश मिळवला होता. त्याला वाटत होतं, असंच होईल, हळूहळू होईल. आंबेडकर म्हणत होते, किती पिढ्या हळूहळू? दोघांची जखम एकच, औषध वेगळं. बाळू १९५५ मध्ये गेला. भारत कसोटी खेळू लागला १९३२ मध्ये, तोवर त्याचं वय छप्पन्न झालं होतं. त्यामुळे रेकॉर्डच्या पुस्तकात कसोटीच्या पानावर तो नाही.

विठ्ठलने मात्र १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'. आपल्या भाषेतलं पुस्तक, पण आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? ही कहाणी इंग्रजीत लिहिली गेली तेव्हा कुठे आपल्याला तिची आठवण झाली.

आणि त्या स्पर्धेचं पुढे काय झालं? १९३७ मध्ये नवं ब्रेबॉर्न स्टेडियम झालं, तेव्हा कुठल्या जिमखान्याला किती जागा यावरून हिंदू जिमखाना रुसला आणि स्पर्धेत उतरलाच नाही. १९४० मध्ये गांधीजींना विचारलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की कॉलेजा-कॉलेजांचे सामने समजतात, धर्माच्या नावाने संघ कशाला हे समजत नाही. समर्थकांचीही बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंटने नाबाद २५० केल्या, तर 'रेस्ट'कडून आपल्या सांगलीच्या विजय हजारेने दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९. हजारे ख्रिस्ती, म्हणून 'उरलेल्यां'त. पुढच्या मोसमात मुसलमानांच्या संघाने एका गड्याने अंतिम सामना जिंकला. असं क्रिकेट कोण सोडेल? पण बाहेर देश फाळणीकडे चालला होता आणि आत हिंदू विरुद्ध मुसलमान अशा पाट्या. १९४६ मध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली. प्रांतांचे संघ खेळवणारी रणजी राहिली. चार वर्षांनी त्याच हजारेच्या नावाआधी कुणी 'उरलेला' लावलं नाही. तो भारताचा फलंदाज होता आणि पुढे भारताचा कप्तान झाला.

आता माझी स्वतःची एक गोष्ट, जी मी आजवर कुठे लिहिली नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी याच ग्राउंडवर खेळायचो. आमच्या संघात एक बॉलर होता, वस्तीवरचा. त्याच्यासारखा चेंडू वळवणारा पुन्हा पाहिला नाही. एका वर्षी आम्ही शेजारच्या गावची स्पर्धा जिंकली, त्याच्या सहा विकेटवर. रात्री एका मित्राच्या घरी जेवण होतं. सगळे निघालो. तो म्हणाला, "मला भूक नाय, तुम्ही जावा," आणि सायकलला टांग मारून निघून गेला. आम्ही म्हटलं, लाजाळू आहे. पंगतीत त्याच्या विकेटच्या गोष्टी सांगत आम्ही पोटभर जेवलो.

त्याला भूक का नव्हती, हे कळायला मला किती वर्षं लागली असतील? तो ओळखून होता की त्या घरात त्याचं ताट कुठे मांडलं जाईल. आम्ही त्याला मातीच्या भांड्यात चहा दिला नाही. ती वेळच त्याने आमच्यावर येऊ दिली नाही. आणि हो, पाच वर्षं तो संघात होता, सगळ्यात जास्त विकेट त्याच्या. कप्तान कोण होता? मी. का होतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून त्या पोरांच्या तोंडून "पिच पण तोच बनवणार आहे" ऐकलं तेव्हा मला लागलं. त्यांचा राग आला नाही, मी स्वतःलाच तिथे बघितलं.

मला माहितीय, खाली कमेंटमध्ये काय येणार. "समाज एकत्र येतो, त्यात वाईट काय?" "रक्तदान होतं, गरीब मुलांना वह्या देतात." "सगळेच समाज घेतात, आम्हीच का नको?" बरोबर आहे. एकत्र या, वह्या द्या, रक्त द्या. रक्त देताना मात्र कुणी दाखला मागत नाही, हे लक्षात ठेवा. आणि ज्यांना कुणी संघात घेतच नव्हतं म्हणून ज्यांनी आपली वेगळी स्पर्धा सुरू केली, त्यांची गोष्ट निराळी आहे. आधी दार कुणी लावलं ते बघा, मग त्यांना प्रश्न विचारा. पण गावात एकच ग्राउंड आहे. ते ग्रामपंचायतीचं, म्हणजे सगळ्यांचं. त्यावर महिना-महिना एकेका समाजाचा चषक चालतो आणि खुली स्पर्धा शेवटची कधी झाली हे कुणाला आठवत नाही. आज अकरा जणांचा संघ दाखला बघून होतो, उद्या तालमीचं, वाचनालयाचं, मित्रमंडळाचंही तेच होईल. काही ठिकाणी झालेलंही आहे.

चार दिवसांनी पोरं परत आली. मी त्यांना चहा पाजला आणि ही सगळी गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "पहिलं बक्षीस मी देतो. ठरल्याच्या दुप्पट देतो. पण स्पर्धा खुली करा. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक संघात बाहेरचे तीन खेळाडू घ्यायची मुभा द्या. आणि त्या डावखुऱ्या पोराला तुमच्या संघाचा कप्तान करा."

पहिल्या दोन गोष्टींवर पोरं विचारात पडली. तिसरी ऐकल्यावर एकमेकांकडे बघून हसली. एकजण म्हणाला, "खेळवू काका, पण कप्तान... पोरं ऐकणार नाहीत त्याचं." दुसरा म्हणाला, "आमच्या हातात नाही, कमिटी ठरवते."

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या निवड समितीतही बहुतेक असंच काहीतरी बोलणं झालं असेल.

पोरं वाईट नाहीत. जाताना सगळ्यात धाकटा मागे थांबला आणि विचारलं, "काका, तो विठ्ठल संघ सोडून गेला तेव्हा बाकीच्यांपैकी कोण गेलं का त्याच्यासोबत?" मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न त्याला पडला, हे मला त्या दिवशी पुरलं.

तर मंडळी, कमिटीची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता ग्राउंडवरच आहे. मी जाणार आहे. माझ्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना विशेष विनंती, तुम्हीही या, कारण पोरं आपलं बघूनच शिकतात. खुल्या स्पर्धेचं बक्षीस मी कबूल केलंय, शब्द मागे घेणार नाही. आणि आमच्या संघातला तो जुना बॉलर ही पोस्ट वाचत असेल, तर त्यालाही सांगतो: दादा, तू पण ये. बैठक संपली की जेवण माझ्या घरी आहे. या वेळी भूक नाही म्हणू नकोस.